थंडीत ट्रकवर जनरेटर

रात्रभर ट्रकचं इंजिन नुसतं चालू ठेवलं की तासाला तीनेक लिटर डिझेल जातं, म्हणून मी छोटा इन्व्हर्टर जनरेटर घेतला, केबिनच्या मागं प्लेटवर साखळीनं बांधला आणि त्यावर ब्लॉक हीटर, म्हणजे ट्रकचं बंद इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, लावला. हीटर हजार-दीड हजार वॅट खातो, त्यामुळे त्याच वेळी केबिनमधला हीटर लावायचा नाही, नाहीतर ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सगळंच बंद!

पहिल्याच कडाक्याच्या थंडीत पहाटे जनरेटर बंद पडला, बघतो तर खाली तेलाचं थारोळं. झालं काय, जनरेटरच्या क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाची, आतली हवा बाहेर सोडणारी ब्रीदर नळी असते, तिच्यात वाफेचं पाणी गोठून बूच बसलं, आत प्रेशर वाढलं आणि तेल ऑइल सीलमधून बाहेर. आता वाऱ्याला आडोसा करतो, पण जनरेटर चारी बाजूंनी पूर्ण बंद करत नाही हां, त्याच्या इंजिनला हवा लागतेच. ऑइल पण पातळ, ५डब्ल्यू-३०.

आणि एक, धुराचं तोंड केबिनपासून लांब ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत पण नाही. माझा अलार्म उशाशीच असतो, बायकोनंच घ्यायला लावला.