काळा रॉबिन: काठावरच्या अंड्यांचा हिशेब लागला

चॅटम बेटांच्या काळ्या रॉबिनचं, म्हणजे त्याच्या वंशावळीचं मी स्प्रेडशीटमध्ये बांधलेलं मॉडेल एकदाचं हवं तसं चालायला लागलंय. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो, मग आकड्यांकडे वळू.

हा पक्षी न्यूझीलंडचा. नावात रॉबिन असलं तरी आपल्या चीरकाशी त्याचं जवळचं नातं नाही. साधारण चिमणीएवढा, चोचीपासून पायापर्यंत काळाकुट्ट. माणसाबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांनी आणि जंगलतोडीने त्याला एका छोट्या खडकाळ बेटावर रेटत नेलं. १९८० साली जगात ५ पक्षी उरले आणि त्यात पिल्लं वाढवू शकणारी जोडी एकच. मादी ‘ओल्ड ब्लू’ आणि नर ‘ओल्ड यलो’, नावं पायातल्या कड्यांच्या रंगावरून पडलेली. आज त्यांची संख्या अडीचशे-तीनशेच्या घरात आहे आणि झाडून सगळे याच एका जोडप्याचे वंशज. वंशावळीत रमणाऱ्याला याहून चांगलं प्रकरण कुठे मिळणार?

या पक्ष्याला वाचवणारे डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं ते बहुतेकांना ठाऊक असेल. रॉबिनची अंडी काढून दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. आधी तिथल्या वॉर्बलरवर ही जबाबदारी टाकली, पण त्याला रॉबिनची पिल्लं शेवटपर्यंत पोसणं झेपेना. मग टॉमटिट हा जवळचा नातलग निवडला आणि जमलं. इतकं जमलं, की त्याच्याकडे वाढलेली पिल्लं स्वतःला टॉमटिटच समजू लागली. म्हणून उडण्याआधीच त्यांना परत रॉबिनच्या घरट्यात आणावं लागे. हा भाग मी मॉडेलमध्ये घेतलेला नाही. माझा जीव अडकलाय तो काठावरच्या अंड्यांत.

झालं असं, की संख्या वाढू लागल्यावर काही माद्या अंडं घरट्याच्या वाटीत न घालता काठावर घालू लागल्या. ते तिथेच राहिलं तर कधीच उबत नाही. एकेक अंडं मोलाचं असण्याचे ते दिवस, त्यामुळे कार्यकर्ते ते अलगद आत सरकवायचे आणि पिल्लू निघायचं. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालत होत्या. पुढे हस्तक्षेप थांबवला आणि हे प्रमाण झपाट्याने घसरलं. संशोधक मेलानी मासारो आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण प्रजातीची वंशावळ तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडला: ही सवय एकाच जनुकाने, तीही प्रभावी अ‍ॅलीलने (जनुकाच्या अशा रूपाने, ज्याची एक प्रतही पुरते) उतरत असल्याचं गृहीत धरलं, तर नोंदींशी सगळ्यात चांगला मेळ बसतो. जनुक लिंग-गुणसूत्रावर नसावं, असाही त्यांचा कौल आहे.

खरी वंशावळ माझ्यापाशी नाही, माझे पक्षी कागदी. प्रत्येक पक्ष्याला स्प्रेडशीटमध्ये एक ओळ: क्रमांक, बाप, आई, लिंग, दोन अ‍ॅलील. नातं काढायचा नियम सोपा आहे. नव्या पक्ष्याचं कुठल्याही जुन्या पक्ष्याशी नातं म्हणजे त्याच्या बापाचं आणि आईचं त्या जुन्याशी असलेल्या नात्याची सरासरी. एक पथ्य मात्र कडक पाळा, आईबापाची ओळ पिल्लाच्या ओळीच्या वरच हवी. नाहीतर सूत्र रिकामा रकाना उचलतं आणि उत्तर दिसायला अगदी सभ्य येतं. पडताळा घ्यायचा तर सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून पाहा. अंतःप्रजननाचा गुणांक (आईबाप एकमेकांचे किती जवळचे नातलग, याचं माप) आधी ०.२५, पुढच्या पिढीत ०.३७५ आणि मग ०.५ आला पाहिजे. माझा आला.

आता गंमत बघा. पहिल्या जोडीतल्या बापाकडे काठावाल्या अ‍ॅलीलची एक प्रत ठेवली, आईकडे एकही नाही. बापाकडेच का? नर अंडी घालत नाही, म्हणजे त्याच्या अंगात असलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. दोघांच्या मिळून ४ प्रतींपैकी १ काठावाली, म्हणजे २५ टक्के. दोन पिढ्यांनी सरमिसळ झाली, की ज्यांच्याकडे निदान एक प्रत आहे असे पक्षी होतात ४४ टक्के. अंडी सरकवण्यातून कुणाला कसलाही खास फायदा दिलेला नाही, फक्त निवड बंद ठेवलीय, म्हणजे हे अ‍ॅलील असल्याने कुणाची पिल्लं कमी होत नाहीत; तरी आकडा तिथवर पोचतो. निम्म्याच्या वर जायला लहान संख्येतला योगायोग पुरेसा आहे. उलटही घडू शकतं. पहिल्या पिढीत ४ पिल्लं जगली, तर त्यातल्या एकातही ते अ‍ॅलील न उतरण्याची शक्यता १६ मध्ये १. मॉडेल चालवण्याच्या माझ्या काही फेऱ्यांत ते असंच सुरुवातीलाच गायब झालं.

म्हणून ‘माणसाने लाड केले आणि वाईट सवय पसरली’ ही या गोष्टीची लोकप्रिय मांडणी मला अर्धवट वाटते. निदान माझ्या मॉडेलमध्ये अ‍ॅलील वर चढलं ते एका जोडीच्या चिंचोळ्या वाटेमुळे. अंडी सरकवल्याने ते कमी व्हायचं तेवढं थांबलं. दोन्हींत फरक आहे, आणि पुढे काय करायचं हे ठरवताना तो महत्त्वाचा ठरतो.

मग सरकवणं बंद करून पाहिलं. मादी बहुधा दोन अंडी घालते. वाहक मादीचं, म्हणजे निदान एक प्रत असलेल्या मादीचं, त्यातलं एक काठावर जातं असं धरलं, म्हणजे तिची निम्मी अंडी वाया. नरांना काहीच तोशीस नाही. वाहकांचं प्रमाण पिढीगणिक ४४ वरून ३७, मग ३०, मग २५ टक्के. नर अ‍ॅलील फुकटात पुढे नेतात, त्यामुळे उतार वाटतो तितका तीव्र नसतो. तरी उतरतो, कारण अ‍ॅलील प्रभावी आहे आणि एक प्रत असलेली मादीही उघडी पडते. अप्रभावी असतं तर दुसऱ्या प्रतीच्या आड वर्षानुवर्षं लपून बसलं असतं.

याच मॉडेलला सुरुवातीपासूनच, म्हणजे ५ पक्षी असतानाच, काठावरची अंडी तिथेच राहू द्यायला सांगितलं, की अनेक फेऱ्यांत रॉबिन पहिल्या काही पिढ्यांतच संपतो. तेव्हा मर्टन यांच्या चमूने अंडी आत सरकवली ते बरोबरच केलं, आणि पुढे हात काढून घेतला तेही. खुर्चीत बसून ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ म्हणणाऱ्यांनी ५ पक्ष्यांची फेरी स्वतः एकदा चालवून बघावी.

अंतःप्रजननाचा भाग अजून कच्चा आहे. १९९७ च्या डीएनए अभ्यासात या पक्ष्यांत विविधता जवळपास दिसलीच नव्हती, सगळे एकमेकांच्या नकला असल्यासारखे. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांतही तीच कथा. एवढं असून पक्षी टिकला आणि वाढला, त्यामुळे ‘वाईट अ‍ॅलील गाळून निघाली असतील’ असा एक सोयीचा समज पसरला. २०१४ च्या अभ्यासाने तो खोडला: अंतःप्रजननाचा फटका पिल्लांच्या जगण्याला बसतोच आणि गाळणी झाल्याचा पुरावा मिळत नाही. सध्या माझ्या कागदी पिल्लांच्या मरणाचा या गुणांकाशी काहीच संबंध नाही, त्यामुळे ती फारच सुखात आहेत. तो जोडला, की लोकसंख्येची रेघ नक्की खाली बसेल.

त्यानंतर दोन बेटं. खरे रॉबिन मांगेरे आणि रांगातिरा अशा दोन बेटांवर आहेत, मी सगळ्यांना एकाच खुराड्यात कोंबलंय. बेटांमध्ये अधूनमधून एखादी जोडी हलवली तर विविधतेवर काय परिणाम होतो हे बघायचंय. पक्षी वाढले की स्प्रेडशीट दम टाकते, म्हणून नात्यांचा तक्ता पायथनमध्ये हलवतोय. कुणी मोठ्या वंशावळीसाठी नात्यांचा तक्ता मेमरी न खाता साठवला असेल, तर पद्धत सांगा. आणि वाहक मादीचं एकच अंडं काठावर धरणं कुणाला पटत नसेल, तर आपला आकडा कारणासकट द्या, त्यावर फेरी चालवून निकाल पुढच्या नोंदीत टाकतो.