चॅटजीपीटीला रेफरन्समध्ये कुठे बसवायचं?

काल रात्री साडेअकराला आतेबहिणीचा फोन. "दादा, असाइनमेंटमध्ये चॅटजीपीटी वापरलंय, रेफरन्समध्ये टाकू का गप्प बसू?" सकाळी सबमिशन, आणि मॅमनी आधीच सांगितलेलं की वापरा पण लपवू नका. म्हटलं टाक की गं, घाबरतेस कशाला.

तिच्याकडे रेफरन्स लिहायची एपीए स्टाइल चालते, त्यात लेखकाच्या जागी कंपनी येते म्हणजे ओपनएआय, मग साल, मग टूलचं नाव न व्हर्जन, चौकोनी कंसात लार्ज लँग्वेज मॉडेल, शेवटी लिंक. एमएलए ही दुसरी स्टाइल, ती टूलला लेखक मानतच नाही, तिथे सुरुवात तुम्ही काय विचारलंत त्याने होते. मला विचाराल तर हेच जास्त पटतं, कारण तोच प्रश्न उद्या विचारला तर उत्तर वेगळं येणार, मग वाचणाऱ्याने ताडून काय बघायचं?

पण हे सगळं दहा मिनिटांचं काम. खरी गंमत पुढेच होती, तिच्या यादीतले बाकीचे सात रेफरन्सही चॅटजीपीटीनेच दिलेले. म्हटलं एक तरी उघडून बघितलंस? पलीकडे शांतता.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. मार्केट यार्डातल्या हमालांवर प्रोजेक्ट करताना असाच एक झकास रेफरन्स मिळाला होता, जर्नल खरं, साल बरोबर, खुश होऊन जयकर लायब्ररी गाठली, अंक काढला तर त्या पानावर भलताच लेख! तो लेख कुणी लिहिलाच नव्हता. आपलं निदान लायब्ररीतच निस्तरलं, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी असे रचलेले खटले थेट कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला.

मग काय, दीड वाजेपर्यंत एकेक शोधत बसलो. सातातले तीन कुठेच सापडेनात, ते उडवले, त्यांच्यावर उभा असलेला परिच्छेदही गेला, ती रडकुंडीला. उरलेले चार म्हटलं आता स्वतः वाच आणि मूळ लेखकाच्याच नावाने दे, त्यात चॅटजीपीटीचा काही संबंध नाही.

शेवटी म्हटलं, तू विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं कॉपी करून मागे अपेंडिक्समध्ये जोड, म्हणजे मॅमना काय ते कळेल.

"दादा, ते चॅट मी संध्याकाळीच डिलीट केलं."

"का?"

"पुरावा नको म्हणून."