ऋण

रविवार, रात्री साडेदहा

उपासना संपल्यावर मी चर्चच्या दाराशी चपला शोधत होते. हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या ओळीला तू गप्प बसतेस."

आमच्याकडे बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. प्रभूची प्रार्थना सगळे डोळे मिटून म्हणतात. म्हणजे हा मिटत नाही! साखरपुड्याला दोन महिने झालेत, आणि आईला इतक्या वर्षांत जे कळलं नाही ते यानं पलीकडच्या बाकावरून हेरलं. रागवावं की लाजावं, समजेना.

ती ओळ ऋण सोडण्याची. लूकच्या शुभवर्तमानात तिथं पापांची क्षमा आहे, पण आम्हाला पाठ आहे ती मत्तयातली. पाप म्हटलं असतं तर मी कदाचित रेटून नेलं असतं. ऋण म्हटलं की अंगणात उभे राहिलेले वसुलीवाले दिसतात.

२०१२-१३ चा दुष्काळ. जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यात आमची दीड एकरही. पप्पा टँकर विकत घेऊन झाडाझाडाला पाणी घालायचे. आधी सोसायटीचं कर्ज, मग सावकाराचं, मग आईच्या पाटल्या. झाडं गेलीच. एका पहाटे पप्पाही गेले, न सांगता. माझं नर्सिंग आईच्या फॉल-पिकोवर झालं. आजी मात्र तोऱ्यात सांगायची, आपण बेथेलचे, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावातले. दारात वसुलीवाले असताना तो तोरा फार टोचायचा.

तीन वर्षांपूर्वी पप्पा परतले. मामाच्या शेतातल्या खोलीत राहतात. आई डबा पाठवते. मी कधी गेले नाही.

हे सगळं आज गाडीवर मागं बसून त्याला सांगितलं. तोंड दिसत नसलं की बरं बोलता येतं. मला वाटलं, आता हाही येशूचं ते सत्तर वेळा सात क्षमा करण्याचं वचन ऐकवणार. तो म्हणाला, "इस्टरनंतर लग्न आहे, पत्रिका द्यायला मी जाणारच. आत्ताच जाऊ. तुला नको वाटलं तर गाडीजवळच थांब."

रस्त्यात त्यानं किलोभर मोसंबी घेतली. मला न विचारता. हे जरा जास्तच झालं, असं वाटलं.

थांबणार होते, पण गेले आत. पप्पा बाजेवर. केवढे वाळलेत. "ये माय," म्हणाले, नि मग काही सुचेना म्हणून पिशवीतलं एक फळ तळहातावर तोललं. "मृग बहाराची दिसायलीय." सोलायला घेतलं तर हात थरथरत होते. मी काढून घेतलं आणि सोलून दिलं. माफीचं ते बोलले नाहीत, मीही नाही. हा बाहेर उगाच गाडीची चेन बघत बसला होता.

मुद्दल सुटलं असं काही म्हणवत नाही. आज व्याज सोडलं, एवढं खरं.

पुढच्या रविवारी ती ओळ येईल तेव्हा हा डोळे उघडे ठेवणार, मला माहीत आहे. बघू दे.