दोन कोशांची दोन घरं

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून बोळात शिरलं की गॉफ स्क्वेअर लागतो. तिथलं १७ नंबरचं घर सॅम्युअल जॉन्सन यांचं. १७५५ साली छापलेला त्यांचा इंग्रजी शब्दकोश याच घराच्या माळ्यावर तयार झाला. जॉन्सन पुस्तकांत खुणा करायचे आणि सहा मदतनीस ती वाक्यं उतरवून घ्यायचे. त्या माळ्यावरून माझा पाय निघेना.

खाली आले तर दारातल्या बाईंनी विचारलं, "ऑलराइट?" चेहरा उतरलाय की काय, असं वाटून मी काळजीत पडले. मामेबहीण म्हणाली, "अगं ताई, हे त्यांचं 'काय, कसं काय?' आहे."

तिच्याकडे मी पोहे केले होते. शेजारचे आजोबा खाऊन म्हणाले, "क्वाइट नाइस." मला आनंद झाला. ते गेल्यावर बहिणीने सांगितलं की इथे 'क्वाइट' म्हणजे ठीकठाक. पंधरा दिवसांनी अमेरिकेत, कनेटिकटमध्ये मैत्रिणीकडे तेच पोहे केले. तिची शेजारीण "क्वाइट गुड!" म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतले. तिथे त्याच शब्दाचा अर्थ 'चांगलेच छान'!

इंग्रज माणूस "लक्षात ठेवतो" म्हणाला की बहुधा विषय संपला. हे मात्र मला कुणी समजावावं लागलं नाही. आपल्या घरात वडीलधारे "बघू" म्हणतात ना, तेच. अमेरिकेत मला जास्त करून सरळ हो किंवा सरळ नाही ऐकायला मिळालं. पहिले दोन दिवस ते टोचलं, मग आवडायला लागलं.

कनेटिकटला जायचं कारण वेस्ट हार्टफर्डचं एक जुनं शेतकरी घर. अमेरिकी इंग्रजीचा कोश करणारे नोआ वेबस्टर यांचा जन्म तिथे १७५८ साली झाला. आदल्या रात्री हॉटेलात "खोली फर्स्ट फ्लोअरला" असं ऐकून मी बॅग घेऊन जिना चढले. खोली तळमजल्यावर होती. ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो. अमेरिकेत जमिनीलगतचाच पहिला.

शाळेत 'कलर' लिहिताना यू गाळला की बाई लाल शाईने घालायच्या. तो यू वेबस्टरनी जाणूनबुजून काढला होता. नव्या देशाची भाषाही स्वतःची हवी, असं त्यांचं ठाम मत होतं. १७८३ साली, ब्रिटनशी युद्ध संपलं त्याच वर्षी, त्यांचं स्पेलिंगचं पुस्तक आलं. मोठा कोश १८२८ साली. (आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, म्हणजे जवळपास त्याच काळातला.) 'टंग', म्हणजे जीभ, हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, ही त्यांची सूचना मात्र कुणी उचलली नाही. मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. या अमेरिकी कोशाचं लेखन त्यांनी १८२५ साली पूर्ण केलं ते इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये. ज्या देशापासून भाषा वेगळी करायची, तिथलीच ग्रंथालयं त्यांना लागली! त्या ओढीबद्दल मला दोन्ही देशांविषयी माया वाटली.

निघताना अभिप्रायाच्या वहीत मी नाव आणि तारीख लिहिली: ५/९. तिथल्या काकूंनी वही वळवून पाहिली आणि मनापासून विचारलं, "तुम्ही मे महिन्यातही आला होतात का?" मी आकडे खोडले आणि अक्षरात लिहिलं: ५ सप्टेंबर.