पॉझिटिव्ह अर्थची मॉरिस

‘डायनामो जळालाय, काढून टाका आणि अल्टरनेटर बसवा’ असं दोन ठिकाणी ऐकून निपाणीचे काका माझ्याकडे आले. मॉरिस मायनर टेंपोत घालून आणली होती. माझं दुकान बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटाकडून उद्यमबागेला जाताना लागतं. ट्रॅक्टर, टेंपो, जुन्या जीप यांची इलेक्ट्रिकची कामं जास्त. डायनामो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र; आता त्याच्या जागी अल्टरनेटर असतो. जुन्या अँबॅसडर रस्त्यावर होत्या तोवर डायनामो रोज हाताखाली असायचा. आजच्या पोरांना तो बघायलाही मिळत नाही, त्यामुळे चार्जिंग नाही म्हटलं की पहिला सल्ला अल्टरनेटरचाच.

काकांना ते नको होतं. “आबांनी घेतलेली गाडी आहे ओ ही. तंबाखूची वखार जोरात होती तेव्हाची. बॉनेट उघडलं की डायनामोच दिसला पाहिजे. जमतंय काय बघा की.”

२०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. काकांना तीही करायची होती. त्या नियमात बदलाची अट आहे ती चेसिस, बॉडी आणि इंजिनाची. नुसत्या डायनामोवरून कुणी अडवलं नसतं. पण काकांची अट त्याहून कडक होती, आणि मला ती पटली.

मीटर लावायच्या आधी मी सगळी हकिकत विचारून घेतो. काकांनी सांगितली ती अशी. वर्षभर बॅटरी सारखी उतरत होती. एका इलेक्ट्रिशियनने रेग्युलेटर, म्हणजे डायनामोचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा डबा, ‘सेट’ करून दिला, त्यानंतर आणखीच उतरायला लागली. शेवटी नवी बॅटरी घेतली, दुकानदाराच्या पोराने बसवून दिली. गाडी चालू व्हायला कुरकुर करायला लागली, पण झाली. थोडं अंतर गेल्यावर बॉनेटमधून धूर आणि वायर जळाल्याचा वास आला. काकांनी इंजिन बंद केलं तरी वास थांबेना, तेव्हा बॅटरीची क्लॅम्पच उपटून काढली. त्या उपटण्यामुळे पुढचं सगळं वाचलं.

इंजिन बंद असूनही वायर तापते, म्हणजे कटआऊट चिकटलेला असणार. डायनामोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की कटआऊटने जोडायचं आणि खाली आलं की तोडायचं, एवढंच त्याचं काम. तो चिकटला की बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होत राहते. रेग्युलेटरचं झाकण काढून बघितलं तर कटआऊटचे दोन्ही पॉइंट एकमेकांत वितळून बसले होते. पण कटआऊट उगाच चिकटत नाही. एवढा करंट आला कुठून, हे कळल्याशिवाय मी पुढे हात लावणार नव्हतो.

बॅटरीच्या जागी वाकून बघितलं आणि गोष्ट लक्षात आली. बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतो आणि क्लॅम्पही त्या मापाच्या असतात. बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीची क्लॅम्प मोठी होती. तिच्यात शिशाची पातळ पत्ती गुंडाळून ती बारीक खुंटावर आवळलेली. दुसरी, स्टार्टरकडे जाणारी लहान क्लॅम्प स्क्रूड्रायव्हर घालून फाकवलेली आणि जाड खुंटावर ठोकून बसवलेली. फाकवल्याचा ओरखडा शिशावर ताजा चमकत होता.

त्या काळच्या मॉरिसला पॉझिटिव्ह अर्थ असतो. बॉडी म्हणजे पॉझिटिव्ह, आणि वायरीत फिरतो तो निगेटिव्ह. आज आपल्याकडच्या सगळ्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या, त्यामुळे बॅटरी दुकानातल्या पोराने सवयीने काळी वायर बॉडीला लावली. क्लॅम्प बसेनात तेव्हा त्याने त्या जबरदस्तीने बसवल्या. गाडी त्याला दोनदा नको म्हणाली होती.

आता धुराचं कोडं सुटलं. डायनामोच्या लोखंडात जुन्या दिशेचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्याच्यावरच तो पुन्हा व्होल्टेज तयार करायला लागतो. बॅटरी उलटी झाली, पण डायनामोला ते कुठे माहीत? तो आपल्या जुन्याच दिशेने १३ व्होल्ट तयार करून मोकळा. कटआऊटच्या कॉइलला दिशा कळत नाही, नुसतं व्होल्टेज कळतं, म्हणून त्याने जोडणी करून टाकली. समोरासमोर राहायच्या जागी डायनामो आणि बॅटरी एकामागे एक लागले, पंचवीसेक व्होल्ट एका लहानशा वळशात. पॉइंट वितळले नसते तरच नवल. गाडी चालू व्हायला कुरकुर करत होती त्याचंही हेच कारण: इग्निशन कॉइल उलटी लागली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

डायनामो खोलला. लुकासचा सी-३९, जास्तीत जास्त १९ अँपिअर देणारा. जळालाय म्हणणाऱ्याने तो बहुतेक बाकावर मोटर म्हणून फिरवून बघितला असेल. ती चाचणी चांगलीच आहे: डी (डायनामोचं आउटपुट) आणि एफ (फील्डचं) ही टर्मिनल जोडून बॅटरी दिली की धड डायनामो संथ फिरतो. पण बॅटरी उलटी दिली तरी तो त्याच दिशेने फिरतो, कारण फील्ड (आतली स्थिर चुंबकी कॉइल) आणि आर्मेचर (मधला फिरता भाग) दोन्ही एकदमच उलटतात. त्यामुळे ध्रुव चुकलेत का, हे त्यातून कधीच कळत नाही.

फील्ड कॉइलला मीटर लावला: ६.१ ओहम. सहाच्या आसपास असायला पाहिजे, म्हणजे फील्ड ठीक. आर्मेचर ग्राउलरवर, म्हणजे शॉर्ट शोधायच्या चुंबकी यंत्रावर, ठेवून वरून हॅकसॉचं जुनं पान फिरवलं. शॉर्ट असता तर ते खाली थरथरलं असतं. थरथरलं नाही. आर्मेचर जास्त तापला की त्याच्या टोकाच्या कम्युटेटरच्या, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या, जोडावरचं कथील उडून केसिंगच्या आत चिकटतं. बोट फिरवून बघितलं, आत स्वच्छ. जळालेला म्हणून भंगारात निघालेला डायनामो जिवंत होता.

मूळ दुखणं मात्र त्यातही होतंच. कम्युटेटरवर घासणारे कार्बन नऊ मिलिमीटरच्या खाली झिजलेले, कम्युटेटर काळा आणि मधे खोलगट, मागचा बुश सैल. आर्मेचर घेऊन मी उद्यमबागेतल्या टर्नर अण्णांकडे गेलो. त्यांचं काम हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचं, पण असलं काही आणलं की हातातलं बाजूला ठेवतात. “किती घ्यायचं, सांगा की,” एवढंच विचारलं आणि लेथवर अगदी हलका कट घेतला. तांबं गुलाबी दिसायला लागल्यावर थांबले.

त्यानंतरचं काम मशीनवर होत नाही, निदान माझ्याकडे नाही. तांब्याच्या दोन पट्ट्यांच्या मधे अभ्रक असतो. लेथवर कट घेतला की तो तांब्याच्या पातळीला येतो, आणि तांबं झिजतं तसा वर राहून कार्बनला उचलायला लागतो, मग ठिणग्या. म्हणून प्रत्येक खाच सुमारे ०.८ मिलिमीटर खाली घ्यायची. हॅकसॉच्या पानाच्या दोन्ही बाजू ग्राइंडरवर घासून ते अभ्रकाच्या जाडीचं करायचं आणि एकेक खाच ओढत जायची. खाच चौकोनी तळाची यायला हवी. कडेला अभ्रकाची पातळ कातळी राहिली तर सगळं फुकट. आमच्या वस्तादांनी हे काम पहिल्यांदा माझ्या हातात दिलं तेव्हा त्यांनी मागे उभं राहून प्रत्येक खाच नखाने तपासली होती. त्या दिवशी मी आमच्या पोराला खाचा ओढायला बसवलं आणि तसंच मागे उभा राहिलो. त्याचा हात चांगला आहे.

बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो; बसवायच्या आधी चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये भिजवावा लागतो. घाईच असेल तर तेल १०० अंशांना दोन तास तापवून चालतं. माझ्याकडे एका डब्यात दोनतीन मापांचे बुश कायम बुडवलेले असतात, त्यातला लागला. नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईला घासून बसवले, जळालेली वायर बदलली.

क्लॅम्प नव्या घातल्या आणि बॅटरी मूळ पद्धतीने लावली, पॉझिटिव्ह बॉडीला. कटआऊट चिकटल्यावर उलट्या बॅटरीचा करंट डायनामोतून गेला होता, म्हणून आता त्यालाही त्याच्या मूळ दिशेची आठवण करून द्यायची होती. एफची वायर रेग्युलेटरवरून सोडवली आणि बॅटरीच्या निगेटिव्हचा तुकडा तिला क्षणभर टेकवला. बारीक ठिणगी पडली, झालं काम. हे आधी केलं नसतं आणि गाडी तशीच चालू केली असती तर पॉइंट पुन्हा वितळले असते.

मग डी आणि एफ जोडून मीटर बॉडीशी लावला, पोराला हळूहळू रेस द्यायला सांगितलं. जेमतेम आयडलच्या वर काटा न अडखळता वीस व्होल्टपर्यंत चढला. तिथेच थांबवलं, या चाचणीत रेस वाढवत नेणं म्हणजे चांगला डायनामो मारणं.

रेग्युलेटर आरबी-१०६. चिकटलेले पॉइंट पातळ पात्याने सोडवून बारीक काचपेपरने साफ केले. कटआऊटच्या चांदीच्या पॉइंटला एमरी लावायची नाही, तिचे कण आत रुततात. वायरी जोडून, बॅटरीकडची बाजू मोकळी ठेवून व्होल्टेज बघितलं: १३.८. ‘सेट’ केल्यावर बॅटरी आणखीच का उतरायला लागली, ते इथे सापडलं. आजच्या गाडीत १४ च्या आसपास चार्जिंग दिसलं की आपण खूश असतो, तसं आधीच्या माणसाने इथेही स्क्रू सैल करून आणून ठेवलं होतं. पण या रेग्युलेटरचं सेटिंग बिनलोडचं असतं आणि लोड आला की त्यातली करंटची कॉइल व्होल्टेज आपणच खाली ओढते. बिनलोड १६ ते १६.६ ठेवायचं, हे वीस अंशांचं माप. उन्हाळ्यात किंचित कमी. मी १६.१ वर आणलं. स्क्रू पाव पाव आटा फिरवायचा, आणि सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं, नाहीतर कॉइल तापून आकडा खोटा येतो. कटआऊट १३ व्होल्टला जोडायला लागला.

संध्याकाळी खानापूर रोडने पिरनवाडीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही हेडलाइट लावूनही अँमीटरचा काटा चार अँपिअरने चार्जिंगच्या बाजूला होता. हेडलाइट, साइडचे दिवे आणि इग्निशन मिळून या गाडीला १२-१३ अँपिअर लागतात. १९ चा डायनामो नीट असेल तर तिला अल्टरनेटरची गरजच नाही.

बॅटरीच्या डब्यावर लाल रंगात ‘पॉझिटिव्ह बॉडीला’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिलं. मागच्या बुशच्या भोकात वर्षातून एकदा तेलाचे दोनच थेंब टाकायला सांगितलं. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं.

रात्री काकांचा फोन आला. तवंदी घाट ओलांडून घरी पोचले होते. “रस्त्यात लाल दिवा एकदाही लागला नाही बघा. पण निपाणीत गर्दीत थांबलो तेव्हा बारीक लागला. परत काय झालं हो?”

“काही नाही काका. आयडलवर डायनामो चार्ज करत नाही, तो तसा लागायचाच. रेस दिल्यावर विझला ना?”

“लगेच.”

“मग झोपा निवांत.”