डोकी बदलायची तर टाचणी हवीच

आजचा दिवस १/७२ मापाच्या प्लॅस्टिक सैनिकांत गेला. १८१५ च्या वॉटर्लूचं फ्रेंच पायदळ. एकाच साच्यातली माणसं वेगवेगळी दिसायला हवीत, म्हणून डोक्यांची अदलाबदल.

हे प्लॅस्टिक मऊ पॉलिथिन असतं. किटसोबतचा पॉलिस्टायरीनचा गोंद त्यावर धरतच नाही, सुपरग्लूही एकटा टिकत नाही. म्हणून जोड तारेवर घ्यायचा. आधी डोकं कॉलरच्या रेषेवर नव्या ब्लेडने एका दाबात कापायचं. करवतीसारखं घासलं की कडेला तुसं उठतात, आणि ती पॉलिशपेपरनेही जात नाहीत, उलट वाढतात. मग नव्या डोक्याच्या मानेत आणि धडात ०.५ मिमीचं भोक, त्यात टाचणीसारखी पितळी तार, वर सुपरग्लूचा थेंब. खरी पकड तारेची.

हात वळवायचा तर उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून वाकवा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. थोडा जास्तच वाकवा, कारण तो मागे येतो.

ओव्हरकोटाचा घेर पातळ कागदाचा, फेव्हिकॉलमध्ये भिजवून. सुरकुत्या ओल्यातच टोकदार काडीने पाडायच्या. या कोटाने माणूस खरंच बदलतो!

रंगाआधी साबणाने धुणं टाळू नका. साच्याचा तेलकटपणा राहिला की संगिनीवरचा रंग सगळ्यात आधी सुटतो.