मिठाचे २७ अणू आणि टेफ्लॉनचा पीळ

बारावीच्या पुस्तकात मिठाच्या स्फटिकाचं ते चित्र असतं ना, चौकोनी ठोकळा आणि त्यात सोडियम-क्लोरीनचे गोळे, ते मोजले तर २७ भरतात. आणि त्याच युनिट सेलमध्ये, म्हणजे जो ठोकळा परत परत रचला की स्फटिक तयार होतो त्यात, खरे अणू किती, तर ८. कोपऱ्यावरचा गोळा आठ सेलमध्ये वाटलेला, कडेवरचा चौघांत, फेसवरचा दोघांत, हे परीक्षेपुरतं सगळ्यांनी घोकलेलं असतं, पण मॉडेलिंग सॉफ्टवेअर उघडलं की नेमकं हेच आठवत नाही. लॅबमध्ये नवीन येणारी पोरं हमखास इथेच अडकतात म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

होतं काय, व्हेस्टामध्ये (स्फटिकांची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर) मिठाची सिफ फाइल (सेलची मापं, सिमेट्री आणि अणूंच्या जागा लिहिलेली) टाकली की स्क्रीनवर छान २७ गोळे दिसतात. फाइलमध्ये खरं तर दोनच अणू लिहिलेले असतात, सोडियम (०, ०, ०) वर आणि क्लोरीन (½, ½, ½) वर, बाकीचे सिमेट्रीवरून सॉफ्टवेअर स्वतः काढतं, आणि सीमेवरचे अणू समोरच्या बाजूलाही परत दाखवतं, म्हणजे चित्र पुरं दिसावं. आता हेच कोणी एक्सवायझेड फाइल (नुसती अणूंच्या जागांची यादी) म्हणून सेव्ह केलं की स्क्रीनवरचे २७ च्या २७ त्यात जातात, सेलची मापं मात्र जात नाहीत, मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ५.६४ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) सेल हाताने टाकायचा, दोन बाय दोन बाय दोनचा सुपरसेल करायचा, म्हणजे तिन्ही दिशांना दोन-दोन सेल रचायचे, आणि ६४ ऐवजी २१६ अणू होऊन बसतात, त्यातले कितीतरी बरोब्बर एकमेकांच्या जागेवर. बघून काहीच कळत नाही कारण गोळ्यावर गोळा बसलेला असतो! म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, सुपरसेल झाला की चित्र नंतर बघा, आधी अणू मोजा. मिठाच्या दर सेलमागे आठ आलेच पाहिजेत.

ग्राफीनला, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराला, एवढी कटकट नाही. सेलमध्ये कार्बन दोन, बाजू २.४६ अँगस्ट्रॉम, मधला कोन १२० अंश, रिपीट करत गेलात की १.४२ च्या बाँडची जाळी पसरत जाते. फक्त तिसऱ्या दिशेला १५-२० अँगस्ट्रॉम रिकामे सोडा, कारण सॉफ्टवेअर त्या दिशेलाही थरावर थर रचतच असतं.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे पॉलिमर, एकच छोटा तुकडा (मोनोमर) परत परत जोडून झालेली लांब साखळी. पॉलिथिलीनची साखळी सरळ नागमोडी, २.५५ अँगस्ट्रॉम पुढे गेलं की तीच रचना परत, त्यामुळे दोन सीएच-टू घेतले की सेल तयार. मग पुष्कळ जण टेफ्लॉन करताना काय करतात, तर याच साखळीतले हायड्रोजन काढून फ्लोरीन लावतात आणि सेल तसाच ठेवतात. दिसतं झकास, पण ते टेफ्लॉन नाही. एक सोडून एक कार्बनवरचे अणू या सरळ साखळीत साधारण अडीच अँगस्ट्रॉमवर येतात, हायड्रोजनला तेवढी जागा पुरते, फ्लोरीन आकाराने मोठा, त्याला पुरत नाही. म्हणून साखळी जराशी पिळते, दर सीएफ-टूला १८० च्या ऐवजी साधारण १६६ अंश वळते. आता हिशोब करा, १६६ चा पाढा लिहीत गेलं तर पूर्ण फेऱ्यांवर कधी येतो? तेराव्या सीएफ-टूला, सहा फेऱ्या झाल्यावर. म्हणजे सेल धरायचा जवळजवळ १६.९ अँगस्ट्रॉमचा आणि त्यात १३ सीएफ-टू. आणि मोनोमर तर दोन कार्बनचा! साडेसहा मोनोमर मिळून एक रिपीट, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर परत परत मांडून बघत बसले होते.

बन आणि हॉवेल्स यांनी १९५४ मध्ये हा पीळ एक्स-रे फोटोंवरून काढला, तेव्हा असलं कुठलंच सॉफ्टवेअर नव्हतं. शिवाय हा १३ चा हिशोब १९ अंश सेल्सिअसच्या खालचा, त्याच्या वर पीळ थोडा सैल होतो आणि १५ सीएफ-टूला सात फेऱ्या पडतात. म्हणजे सेल केवढा घ्यायचा हे तापमानावरसुद्धा ठरतं, आणि हे कुठलाही बिल्डर (मॉडेल रचणारा प्रोग्रॅम) आपणहून विचारणार नाही. त्याला जे द्याल ते तो मुकाट रिपीट करतो.

साखळी तयार झाली की शेवटच्या कार्बनपासून पुढच्या सेलमधल्या पहिल्या कार्बनपर्यंतचं अंतर मोजा, ते आतल्या कार्बन-कार्बन बाँडइतकंच यायला हवं. कमी-जास्त आलं तर सेलची लांबी नाहीतर पीळ चुकलाय, मग मिनिमायझेशनला (ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत अणू सरकवायला) टाकायच्या आधीच दुरुस्त करा, कारण मिनिमायझर ओढूनताणून ते अंतर जुळवून देतो आणि मूळ चूक दिसेनाशी होते. ज्यांना हात बसवायचाय त्यांनी आयसोटॅक्टिक (ज्यात सगळ्या मोनोमरची मांडणी एकसारखी असते अशा) पॉलिप्रॉपिलीनपासून सुरुवात करा, एका फेरीत तीन मोनोमर, सेल ६.५ अँगस्ट्रॉमचा, आणि बाँडभोवतीचा पीळ (टॉर्शन) आळीपाळीने १८० आणि ६० अंश.